परमाणू टेकतात का? नागाव, मिठागर आणि कुडे

नागावला लोक समुद्रासाठी जातात. मी गेले ते एकशे शहात्तर पानांच्या प्रुफांवर एका निवृत्त मास्तरांची सही घ्यायला. मुक्काम चार दिवस झाला आणि समुद्र पाहिला तो बोटीतून येता-जाता. तरी सांगण्यासारखं बरंच घडलं. त्यातलं निम्मं मला अजून समजलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी कुणी जाब विचारायला नको.

माझा मुंबईत छोटा छापखाना आहे. शाळांच्या वह्या, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, आणि वर्षाला दोन-तीन पुस्तकं. यंदाच्या पुस्तकांतलं एक म्हात्रे सरांचं. सरांनी अलिबागकडच्या एका हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलं. वस्तू कापत कापत गेलं तर शेवटी काय उरतं, यावर जुन्या ग्रीकांनी काय विचार केला आणि जुन्या बौद्धांनी काय केला, याची तुलना म्हणजे हे पुस्तक. सरांचं वय ब्याऐंशी. काचबिंदूने नजर गेली आहे, फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळतो. पुस्तक पहिलं, आणि तेच म्हणतात की शेवटचंही.

आता माझी गोष्ट. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापली जातात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. पुस्तक पुऱ्या फर्म्यांत बसलं तर मागे कोरी पानं उरत नाहीत. सरांचं पुस्तक जुळवून झालं तेव्हा एकशे शहाऐंशी पानं भरली. अकरा फर्मे म्हणजे एकशे शहात्तर. दहा पानं जास्त, आणि सहावं प्रकरण नेमकं दहा पानांचं. मी ते चाळलं. नाव होतं ‘स्पर्श’. त्यात एक जण शंका काढतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा ते उत्तर खोडतो आणि दहाव्या पानावर कुणाचंच काही ठरत नाही. वाचक गोंधळेल असं वाटलं. मी ते काढलं आणि सातव्याला सहावा आकडा दिला. सरांना फोनवर म्हटलं, थोडं आवरतं घेतलंय. ते म्हणाले, घ्या. मी ती परवानगी धरून चालले. पण लेखकाने पुरती प्रुफं ऐकल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हा वडिलांपासूनचा नियम आहे, म्हणून जाणं भाग होतं.

नागाव, पहिला दिवस

मांडव्याच्या धक्क्यावर वनिता टेम्पो घेऊन उभी होती. सरांची शेजारीण आणि एके काळची विद्यार्थिनी, चाळिशीची. घरचा पांढरा कांदा हीच बाजारात नेते आणि दुपारी दोन तास सरांना वाचून दाखवते. टेम्पोच्या मागच्या भागात कांद्याच्या वेण्या छतापर्यंत लावलेल्या. “ताई, मागं माल हाय, ब्याग मांडीवर घ्या,” म्हणाली आणि गाडी सुरू केली. ती टेम्पो उत्तम चालवते. हॉर्न वाजवत नाही, काच खाली करून समोरच्याला नावाने हाक मारते.

सरांचं घर कौलारू, दोन खोल्या आणि पडवी, मागे सुपारीची बाग. जेवायला वनिताने तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण केलं होतं. सर म्हणाले, कांदा घ्या. पडवीच्या वाशाला एक वेणी टांगलेली होती. ही वेणी म्हणजे कांद्याची सुकी पात पातीत गुंफून केलेली लांब माळ. मी उठले आणि हाताला आला तो मधला कांदा ओढला. तो निघाला, आणि त्याच्या खालचे सगळे सुटून पडवीभर घरंगळले. एक सरांच्या ताटाखाली गेला, दोन पायरीवरून अंगणात.

वनिता हसत हसत ते गोळा करत म्हणाली, “मधला न्हाय ओढायचा, ताई. खालचा घ्यायचा. मधला गेला का खालच्याला कोन धरनार?”

आमच्याकडे कांदे टोपलीत असतात आणि कुठलाही घेतला तरी काही पडत नाही. इथे कांदा कापतही नाहीत, बुक्कीने फोडतात. गोड असतो, डोळ्यांत पाणी येत नाही.

जेवणानंतर वाचन सुरू झालं. त्याची पद्धत मी कुठे पाहिली नव्हती. सरांपुढे सुपात सुपाऱ्या ठेवलेल्या असतात आणि डावीकडे पितळेची वाटी. वनिता मोठ्याने वाचते. चूक ऐकू आली की सर एक सुपारी वाटीत टाकतात. टण्ण आवाज झाला की ती थांबते, चूक विचारून पेन्सिलीने दुरुस्त करते आणि पुढे जाते. पहिल्या दोन प्रकरणांत मिळून चार सुपाऱ्या पडल्या. आमच्या छापखान्याच्या मानाने हे फार झालं, आणि प्रत्येक टण्णला मला ते जाणवत होतं.

पडवीच्या कौलांत एक कौल काचेचं आहे. साडेतीनच्या सुमाराला त्यातून उन्हाचा पट्टा आत आला आणि सरांच्या मनगटावर पडला. ऊन लागताच त्यांनी वाचन थांबवलं आणि मला विचारलं, धूळ दिसतेय का, आणि कशी हलतेय. मी सांगितलं, वर-खाली, वेडीवाकडी, कुठेच थांबत नाही. ते खूश झाले. म्हणाले, ग्रीकांनी हीच धूळ दाखवून सांगितलं की डोळ्यांना न दिसणारे परमाणू असेच अखंड धावत असतात. आणि बौद्धांनी मापांची जी शिडी लावली, तिच्यात हीच उन्हातली धूळ एक पायरी आहे. सात परमाणूंचा एक अणू. सात अणूंची लोखंडाच्या धुळीची एक कणी, तशा सातांची पाण्याच्या धुळीची, मग सशाच्या केसाच्या टोकावर बसेल तेवढी, मग मेंढीच्या, मग गाईच्या, आणि मग ही, खिडकीतली. मी मोबाइलवर गुणाकार केला. धुळीच्या एका कणात आठ लाख तेवीस हजार पाचशे त्रेचाळीस परमाणू निघाले. शिडी तिथे संपत नाही. पुढे उवेचं अंडं, ऊ, जवाचा दाणा आणि शेवटी बोटाचं पेर.

ज्यांची डोकी तुळतुळीत, त्या भिक्षूंनी उवेवरून माप ठरवावं, हे मला पटेना. तसं म्हटलं तर वनिता म्हणाली, “दुसऱ्यांच्या डोक्यातल्या मोजल्या असतील.”

मला गोष्टी लिहून काढल्या की कळतात. डायरीत दोन रकाने पाडले, एक ग्रीक, एक बौद्ध. दोन्हीकडे लिहिलं, परमाणू. दोन्हीकडे लिहिलं, उन्हातली धूळ. खाली लिहिलं, सारखे. आणि ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“सारखे कुठे?” सर म्हणाले. “ग्रीकांचा परमाणू मरत नाही. तो होता, आहे, राहणार. बौद्धांचा क्षणभराच्या पुढे टिकत नाही. उपजला की विझला, आणि त्याच्या जागी दुसरा. आणि तो एकटा कधी सापडत नाही. पृथ्वी, पाणी, तेज, वारा, आणि रंग, गंध, चव, स्पर्श, असे आठ जण बरोबर घेऊनच येतो. हे सारखे कसे?”

पाचव्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य मला पाठ होतं, कारण ते चांगलं होतं: ‘हे सगळं पाहिलं की वाटतं, दोन देशांतली माणसं एकच गोष्ट सांगत होती.’ सर पाणी प्यायला आत गेले तेव्हा प्रुफं उघडून खात्री केली. तेच वाक्य होतं. लेखक पडवीत बसून पुस्तकाच्या उलट बोलत होता. ब्याऐंशी वय, मला वाटलं, लिहिलेलं विसरतायत. पुस्तक छापायला घाई करावी की थांबावं, हे मला कळेना. सहाव्या प्रकरणाचं आज सांगायचं ठरवलं होतं. ते उद्यावर टाकलं.

मिठागर, दुसरा दिवस

सकाळी तिसरं आणि चौथं प्रकरण झालं, सात सुपाऱ्या. मग वनिताला माहेरी पेणच्या बाजूला कांदे पोचवायचे होते, आणि सरांना मिठागरावर यायचं होतं. टेम्पोत पुढे तिघं बसलो.

मिठागर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: खाडीकाठची सपाट जमीन, तिच्यावर मातीच्या बांधांनी पाडलेले चौकोन, जणू पाण्याची शेती. खाडीचं पाणी एका चौकोनातून दुसऱ्यात सोडत नेतात, ऊन ते आटवत नेतं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. डोळे उघडे ठेवणं कठीण, इतकं चकाकतं. सरांना मात्र ते आवडलं. त्यांना जो उजेड दिसतो, तो इथे सगळीकडून येत होता.

वनिताचे वडील धर्मादादा बांधावर होते. सत्तरीचे, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. सरांची आणि त्यांची जुनी ओळख. दोघं एकमेकांना अरे-तुरे करतात आणि एकमेकांचं ऐकत नाहीत.

धर्मादादांनी वाफ्यात हात घालून मला ताजं मीठ दाखवलं. पाण्यावर आधी साय धरते, ती मोडली की दाणे खाली बसतात. हातावर घेऊन बघितलं तर दाणे चक्क चौकोनी होते, कडा धारदार. घरी पिशवीतलं मीठ मी रोज घेते, आणि एवढ्या वर्षांत दाण्याकडे कधी पाहिलं नव्हतं. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, ग्रीकांच्या मते चव ही परमाणूच्या आकारावर ठरते. गोड लागतं ते गोल, आंबट ते टोकदार, खारट ते कोनाकोनांचं. मला हे एकदम पटलं. ग्रीकांच्या रकान्यात लिहिलं, मीठ, सिद्ध झालं.

“काय सिद्ध झालं?” सर म्हणाले. “दाणा चौकोनी आहे. परमाणू चौकोनी कशावरून? विटांचं घर गोल बांधता येतं की. आणि बौद्ध म्हणतात, चवीला आकार लागतच नाही. चव हीच एक वस्तू आहे, ती कणाकणात बसलेली आहे.”

धर्मादादा म्हणाले, “मीठ खारट हाय. त्याला वकील कनाला?”

मी खोडलं. ते खोडता खोडता बांधावरून पाय घसरला आणि मी घोट्यापर्यंत खारात. चप्पल आत रुतली, टाच दाण्यांवर कापली. मिठाच्या पाण्यात कापलेली टाच काय असते, हे मी सांगत नाही, करून बघावं. वनिताने प्यायच्या पाण्याची बाटली माझ्या पायावर रिकामी केली. चप्पल धर्मादादांनी फावड्याने काढली. सर बांधावर बसून अतिशय आस्थेने विचारत होते की टोचल्यासारखं दुखतंय की जळल्यासारखं, कारण दोन मतांमध्ये त्यावर फरक पडतो. मी म्हटलं, दोन्ही.

बांधावर मिठाची रास होती, माणसाच्या उंचीची. सर काठीने चाचपत तिच्यापाशी गेले, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि मूठभर मीठ बाहेर काढलं.

“धर्मा, हे दाणे एकमेकांना टेकलेत का?”

“टेकलेत. न्हायतर रास कशी ऱ्हायली?”

“पूर्ण टेकले, सगळ्या अंगाने, तर दोघांचा एकच दाणा होईल. नाही का?”

“पावसाल्यात होतो. दगूड होतो.”

“आता सांग. नुसत्या एका बाजूने टेकले म्हण. म्हणजे दाण्याला बाजू आहे. बाजू आहे म्हणजे भाग आहेत. भाग आहेत म्हणजे तो अजून कापता येईल. मग तो शेवटचा कण कसला?”

धर्मादादांनी मुलीकडे पाहिलं. “वने, मास्तरला ऊन लागलं. छपरात न्ये.”

पण सर थांबले नाहीत. ग्रीकांना ही अडचण येत नाही, म्हणाले, कारण त्यांनी परमाणूंच्या मध्ये पोकळी ठेवली आहे. काहीच नसलेली जागा. ती नसेल तर काही हलणारच नाही. आणि एकत्र धरून ठेवायला त्यांच्या परमाणूंना आकडे, कंगोरे आहेत, एकात एक अडकतात. बौद्धांतले काही पंडित म्हणाले, परमाणू एकमेकांना टेकतच नाहीत. मध्ये दुसरं काही मावेल एवढी फटही नाही, तरी टेकत नाहीत. वारा नावाचं जे तत्त्व आहे ते त्यांना धरून ठेवतं. मग त्यांच्याच घरातला दुसरा उठला आणि म्हणाला, हे म्हणणंच मुळात चूक, कारण एका परमाणूभोवती सहा दिशांना सहा बसले की त्याला सहा बाजू झाल्या.

माझ्या टाचेत ठणका होता आणि डोक्यातही. मी म्हटलं, सर, हे पुस्तकात कुठे आलंय?

“सहाव्या प्रकरणात,” सर म्हणाले. “तुम्हीच तर जुळवलंत.”

मी म्हटलं, “हो, आहे की.”

हे खोटं मी विचार करून बोलले नाही, पण बोलले. परतीच्या वाटेवर हिशेब लागला. सर काही विसरले नव्हते. पाचव्याच्या शेवटी जे म्हटलं, ते सहावं खोडणार होतं. दोन दिवस ते मला सहावं प्रकरण तोंडी सांगत होते, आणि ते माझ्या टेबलाच्या खणात पडलं होतं. सर मांडीवरची प्रुफं दोन्ही हातांनी धरून बसले होते, टेम्पोच्या धक्क्यांत पानं निसटू नयेत म्हणून.

कुडे, तिसरा दिवस

कुड्याची लेणी मांदाडजवळ खाडीच्या वर टेकडीत आहेत. नागावहून रोहा, तळे असा रस्ता. वाटेत एका हॉटेलात मिसळ खाल्ली. ती मुंबईच्या निम्मी तिखट होती आणि पाव दुप्पट ताजा. पाचव्यापासून पुढची प्रकरणं लेण्यात बसून ऐकायची, ही सरांची इच्छा. सुपाऱ्यांची पिशवी आणि वाटी वनिताने बरोबर घेतली होती.

मी ठरवलं होतं, पायथ्याशीच सांगायचं. पायथ्याशी सरांना धाप लागली. अर्ध्या वाटेवर म्हटलं, वर बसले की सांगू. वर पोचल्यावर त्यांचा चेहरा असा काही खुलला की मी पुन्हा थांबले. एरवी मी भिडस्त बाई नाही. कामगाराला कामावरून काढायचं तर चहा संपायच्या आत सांगते.

लेणी साधी आहेत. बसायला दगडी बाक, निजायला दगडी ओटे, भिंतीवर अक्षरं. सरांना अक्षरं दिसत नव्हती. ते बोटांनी वाचत होते. एका ओळीवरून बोट फिरवत म्हणाले, लेणी खोदायला ज्यांनी दान दिलं त्यांची ही नावं. वैद्य आहे, फुलं विकणारा माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. मी विचारलं, ग्रीक कुणी आहे का? खाली बंदर होतं, ग्रीक खलाशांना ते ठाऊक असावं, इतपत मी पुस्तकात वाचलं होतं. सर म्हणाले, इथे नाही. घाटावरच्या लेण्यांत यवनांची नावं आहेत. आले असतील, बसले असतील, जेवलेही असतील. पण परमाणूंविषयी बोलले असा कागद नाही की दगड नाही. शेजारी बसले म्हणून एकाचं दुसऱ्याला लागलं, असं होत नाही.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती पुस्तकात नाही. वर्गात ते दरवर्षी सांगायचे की ग्रीकांचा परमाणू आणि आपला परमाणू एकच, बंदरातून इकडचं तिकडे गेलं. मुलं टाळ्या वाजवायची. गावच्या सत्कारातही तेच भाषण. निवृत्त झाल्यावर नीट वाचायला घेतलं तेव्हा कळलं की आपण चुकीचं शिकवलं.

“मना पन तेच शिकवलं होतं,” वनिता म्हणाली. “परीक्षेत लिवलं. मार्क दिले तुमी.”

“दिले,” सर म्हणाले. “म्हणून तर पुस्तक लिहिलं. एवढ्या पोरांच्या घरी जाऊन सांगू शकत नाही.”

तेव्हा सांगायला हवं होतं. पण वनिताने पानं काढली आणि वाचायला सुरुवात केली. पाचवं प्रकरण संपलं. दोन देशांतली माणसं एकच गोष्ट सांगत होती, हे वाक्य झालं. सर मान हलवून पुढे झुकले, पुढे काय येणार ते माहीत असलेला माणूस झुकतो तसे. वनिताने पान उलटलं. ‘प्रकरण सहावे. समारोप. एवढं समजलं की पुढचं सोपं आहे...’

वाटीत सुपारी पडली नाही. सरांचा हात सुपारीच्या पिशवीवर तसाच राहिला. वनिताने अर्धं पान वाचलं, थांबली, मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“ताई,” ती म्हणाली, “मधला कांदा कोनी ओढला?”

मग मी सांगितलं. पानं, फर्मे, दहा पानं जास्त, सगळं. आवरतं घेतलंय म्हटलं ते हे. आणि काल मिठागरावर खोटं बोलले, तेही.

सरांनी एकच विचारलं, ते प्रकरण मी वाचलं होतं का. मी म्हटलं, चाळलं. कळलं नाही म्हणून काढलं.

“इतकी वर्षं मी जे चुकीचं सांगितलं,” ते म्हणाले, “ते आता छापून सांगायचं. माझ्या नावाने. आणि मला दिसणारही नाही.” त्यांनी वाटी उचलून वनिताकडे दिली. “हे पुस्तक माझं नाही. ज्याला हवं त्याचं नाव घाला.”

उतरताना त्यांनी वनिताचा हात धरला. एरवी दुसऱ्या बाजूने माझा धरायचे. नागावपर्यंत टेम्पोत मध्ये बसलेली मी होते, दोन्हीकडून टेकलेली, आणि जागा मात्र पुष्कळ असल्यासारखी वाटत होती.

नागाव, चौथा दिवस

दुपारची बोट होती. सकाळी चहा घेऊन सरांच्या पडवीत गेले. माफी मागून झाली होती, ती पुन्हा मागून काही उपयोग नव्हता. मी कामाचं बोलले. हस्तलिखित खणात सुरक्षित आहे, प्रकरण परत जाईल. पण मला ते समजून घ्यायचंय, कारण ते जुळवणारी माणसं मला विचारतील. पुन्हा सांगाल का?

सर नाही म्हणाले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे तोंड न करता, सांगायला लागले. वनिता पायरीवर बसून वेणी घालत होती. मी प्रुफांच्या पाठीमागे लिहीत होते. लिहिता लिहिता अडले की विचारत होते, आणि फार वेळा अडले. परमाणू टेकत नाहीत तर टाळी वाजते कशी, हे विचारलं. सर म्हणाले, हे त्या पंडितांनाही कुणीतरी विचारलं होतं. उत्तर सांगितलं. मला कळलं नाही. म्हटलं, कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, दुसऱ्या तऱ्हेने. तरीही नाही. मग विचारलं, क्षणाक्षणाला विझत असेल तर टेकायला वेळ कधी मिळतो? यावर सर माझ्याकडे वळले. म्हणाले, हेही लिहा. हे माझ्या प्रकरणात राहून गेलंय.

मग फर्म्यांचं आलंच. एकशे शहाऐंशी पानं अकरा फर्म्यांत बसत नाहीत. बारा केले तर एकशे ब्याण्णव होतात आणि सहा पानं कोरी राहतात. आमच्या धंद्यात शेवटी कोरी पानं ठेवणं म्हणजे आळस. मी म्हटलं, जाहिरात घालू, नाहीतर टीपा.

“काही घालू नका,” सर म्हणाले. “ग्रीकांना पोकळी लागतेच.”

“आन बुद्धाचे भांडतील त्यांचं काय?” वनिताने विचारलं.

“त्यांना पेन्सिल दे.”

हसले नाहीत, पण वाटी मागून घेतली. सही कुठे करायची ते वनिताने त्यांचं बोट धरून दाखवलं. मुखपृष्ठाच्या प्रुफावर सही झाली, थोडी तिरकी. त्याखाली त्यांनी तिला लिहायला सांगितलं: सहाव्या प्रकरणासह. मग सुपातून एक सुपारी काढून वाटीत न टाकता माझ्या पुढ्यात ठेवली. ही तुमची, म्हणाले, प्रकरण छापून आलं की परत आणा.

मांडव्याला वनिताने कांद्याची एक वेणी दिली. छापखान्यात खिळ्याला टांगली आहे. वर पाटी लावावी लागली, खालून घ्या.

काल नवी प्रुफं निघाली. टेबलावर पंखा असतो, त्यामुळे पानांवर ती सुपारी ठेवली आहे. सहावं प्रकरण मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने. डायरीतले दोन रकाने पुन्हा पाडले आणि पुन्हा खोडले. परमाणू एकमेकांना टेकतात की नाही, कुणी विचारलं तर मला आजही सांगता येणार नाही. कोपऱ्यात ‘छापा’ असं लिहिलं, खाली सही केली आणि बारा फर्म्यांचा कागद काढायला सांगितला.